चपल राही चेतना

"एको आणखी वाढवा," मी म्हणालो.

"आणखी वाढवला तर तुम्ही पन्हाळ्यावरनं गाताय असं वाटंल," काचेपलीकडून चौगुले म्हणाले.

"तेच पाहिजे मला."

चौगुल्यांनी मुकाट्यानं बटण फिरवलं. जोतिराम चौगुल्यांचा स्टुडिओ कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका छापखान्याच्या मागे होता. स्टुडिओ म्हणजे एक मोठी खोली, भिंतींना लावलेल्या गोधड्या आणि काचेआड बसलेले चौगुले. तिथं देवीची गाणी व्हायची आणि निवडणूक आली की रिक्षावरून वाजवायच्या प्रचाराच्या कॅसेटी व्हायच्या. रॉक संगीत त्यांच्याकडं पहिल्यांदाच आलं होतं आणि ते माझ्या रूपानं आलं होतं, हा चौगुल्यांच्या नशिबाचा भाग.

माझे केस तेव्हा खांद्यापर्यंत होते. त्यामुळं मी विचारवंत दिसतो अशी माझी समजूत होती. पुण्याच्या रद्दीवाल्याकडून आणलेली परदेशी संगीताची मासिकं मी उशाशी घेऊन झोपायचो. कुणी ड्रम जिन्याखाली मांडून वरच्या मजल्यावर माइक टांगला, कुणी एकच गिटार चार वेळा एकावर एक वाजवून आवाज जाड केला, कुणी गायकाला न्हाणीघरात उभं केलं, हे सगळं मला तोंडपाठ होतं. ती गाणी मात्र मी बहुतेक ऐकलेली नव्हती, कारण ती कोल्हापुरात मिळत नसत. त्यांचा आवाज कसा असेल हे मी वाचून ठरवायचो आणि मग त्यावर लोकांशी वाद घालायचो.

आमच्या बँडचं नाव 'प्रलय'. नाव मीच ठेवलं होतं. चौगुल्यांनी टेपच्या डब्यावर ते 'प्रल्हाद' असं लिहिलं आणि मी तीनदा सांगूनही बदललं नाही. बँडमध्ये आम्ही तिघं. गिटार आणि गाणं माझ्याकडं. बेस गिटारवर सॅमसन आवळे. त्याची आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची आणि सॅमसन बोलायचा अगदी कमी. ड्रमवर प्रताप इंगवले. त्याच्या वडिलांचं टायर रिमोल्डिंगचं दुकान होतं. सोमवारी दुकान बंद असलं की मागच्या शेडमध्ये, टायरांच्या उतरंडींच्या मधे आमची तालीम चालायची.

तिथं माझ्या आवाजासाठी जी व्यवस्था होती ती मंडपवाल्याकडून आणलेल्या कर्ण्याची. त्या कर्ण्यातून 'सूचना ऐका' एवढंच नीट ऐकू येत असे, कारण ते लोकांना आधीच माहीत असतं. प्रतापचे ड्रम सुरू झाले आणि माझी गिटार पेटली की बाकी सगळं त्यात बुडून जायचं. गाण्याचा कागद मी कुणाला देत नव्हतो. कविता हाताळली की तिचं तेज कमी होतं, असं मी सॅमसनला सांगितलं होतं. त्यावर तो "बरं" म्हणाला होता.

आमचं मुख्य गाणं होतं 'शून्यगर्भ'. ते लिहायला मला अख्खा उन्हाळा लागला होता. सुरुवात अशी होती:

अस्तित्वाच्या काठावरी
चपल राही चेतना
तू निराकार, तू निरंतर
शून्य माझी साधना

याचा अर्थ मला कुणी विचारला नाही. विचारला असता तर पंचाईत झाली असती.

चौगुल्यांकडं त्या दिवशी सकाळी आम्ही तिघांनी एकाच खोलीत एकत्र वाजवलं. त्यांच्याकडं माइक मोजकेच. ड्रमसाठी त्यांनी एकच माइक पंख्याच्या हुकाला बांधून प्रतापच्या डोक्यावर सोडला. मी ओरडलो, मासिकात ड्रमला आठ-आठ माइक लावतात म्हणून. चौगुले म्हणाले, "आमच्याकडं हलगीवालासुद्धा एका माइकात मावतो." वाजवून झाल्यावर त्यांनी ड्रमचा आवाज एका यंत्रातून काढला. हे यंत्र मोठा आवाज दाबून धरतं. रिक्षावरच्या भोंग्यासाठी ते सगळंच असं दाबून घ्यायचे, म्हणजे गल्लीत शिरलं की घराघरात पोचतं. आमचे ड्रम त्या यंत्रातून बाहेर पडले ते धाप लागल्यासारखे. प्रत्येक ठोक्यामागून काहीतरी उसासत वर यायचं. मला ते फार परदेशी वाटलं.

दुपारी मी एकट्यानं आवाज भरला. वर एको ओतून घेतला, आणि गाणं पुरं झालं. ऐकताना मला माझ्या आवाजामागं आणखी एक आवाज ऐकू आला. लांबचा, थोडा घोगरा, माझ्याबरोबर येणारा आणि मधेच जरा मागं राहणारा. मी चौगुल्यांचा हात हातात घेतला.

"हा एको," मी म्हणालो, "हा तुम्ही काय साधलाय, तुम्हाला कल्पना नाही."

"मलाबी नाही," चौगुले म्हणाले.

पुढचा महिनाभर मी भेटेल त्याला त्या एकोबद्दल सांगत होतो. माझ्या आवाजात मुळातच दोन थर आहेत, यंत्रानं ते फक्त मोकळे केले, असं मी एका लग्नात नवऱ्या मुलालाही सांगितल्याचं आठवतं.

कॅसेट मी मुंबईच्या एका कंपनीला पाठवली. नव्या मराठी बँडांचं एकेक गाणं घेऊन ते एक कॅसेट काढणार होते. पावसाळा संपता संपता घरी फोन आला. वडिलांनी उचलला आणि "कोण बाई तुझ्या चपलांची चौकशी करतायत" म्हणून माझ्या हातात दिला.

"मी शलाका वेर्णेकर. तुमच्या गाण्याचं काम माझ्याकडे आहे," पलीकडून आवाज आला. "खरं सांगू, बाकीचे सगळे बँड एकसारखे वाटले. तुमच्या गाण्यानं मात्र थांबवलं. ते चप्पल राहिल्याचं कसं सुचलं तुम्हाला?"

'चपल राही' या शब्दांचा बाईंनी असा उच्चार केल्याचं मला वाईट वाटलं. मुंबईच्या लोकांचं मराठी कच्चंच, असं मनात म्हणून मी मोठेपणानं सोडून दिलं. "सुचतं असं काही नाही," मी म्हणालो. "ते येतं."

"आमच्याकडे नीट रेकॉर्ड करू या. एक दिवस मिळेल. त्या दिवसात जमलं तर ठीक, नाहीतर ती जागा मला दुसऱ्या बँडला द्यावी लागेल. आणि तुमच्या त्या स्टुडिओतली मूळ टेप येताना घेऊन या, मला ऐकायचीय."

मुंबईचा स्टुडिओ बघून माझे डोळे भरून आले. मासिकातलं चित्रच पुढं उभं होतं. गालिचा, थंडगार हवा, आणि प्रत्येकाला काचेची वेगळी खोली. प्रताप एका काचेत, सॅमसन दुसऱ्या, मी तिसऱ्या. प्रत्येक ड्रमला स्वतंत्र माइक. कानांवर हेडफोन, त्यात घड्याळासारखी टिकटिक, म्हणजे ताल हलायला नको. एकमेकांचा आवाज फक्त हेडफोनमधून यायचा, पण इतका स्वच्छ की सॅमसन नाकातून श्वास घेतो हे मला त्या दिवशी समजलं.

शलाकाबाई पस्तिशीच्या असतील. चष्मा डोक्यावर, बोलणं मोजकं. "सुरू करा," त्या म्हणाल्या.

आम्ही सुरू केलं. मी डोळे मिटले आणि अस्तित्वाच्या काठावर गेलो. तिसऱ्या ओळीला ड्रम थांबले. टिकटिक तेवढी चालू राहिली.

डोळे उघडले तर काचेपलीकडं प्रताप काठ्या मांडीवर ठेवून माझ्याकडं बघत होता.

"शब्द का बदललास?" त्याचा आवाज थेट माझ्या कानात आला.

"काय?"

"गाण्याचं शब्द. का बदललास रं?"

"कुठं बदलले? हेच आहेत."

"निराकार कुठं होतं आपल्या गाण्यात? निरंतर काय?" तो चिडला नव्हता. त्याला काहीतरी लागलं होतं. "दोन वर्षं वाजवायलोय मी हे गाणं. मला शिकवू नको."

मी मदतीसाठी सॅमसनकडं पाहिलं.

"मला वाटायचं गाणं इंग्लिशमधी हाय," सॅमसन म्हणाला.

प्रतापनं हेडफोन काढून ठेवला आणि चहा पिऊन येतो म्हणत बाहेर गेला. सॅमसन त्याच्यामागं गेला. हे सगळं बाईंनी आत ऐकलंच होतं. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"मीही तेच विचारणार होते," त्या म्हणाल्या. "कॅसेटवर 'चप्पल राहिली एक ना' असं आहे. आज तुम्ही वेगळंच म्हणालात."

"चपल राही चेतना," मी शब्द सुटे करून म्हटलं.

बाईंनी विचारलं, "चेतना म्हणजे तुमची कोणी मैत्रीण?"

मी त्यांना चेतना समजावून सांगायला घेतली. अस्तित्व, त्याचा काठ, काठावरची चंचलता. आपण जे बोलतोय ते आपल्यालाच समजत नाही हे माणसाला कधीकधी बोलतानाच उमगतं, तसं माझं झालं. मधेच मी थांबलो. बाईंनी तोवर कोल्हापूरची टेप यंत्रावर चढवली होती.

"यात तुमचा आवाज टेपच्या वेगळ्या पट्टीवर, म्हणजे ट्रॅकवर आहे. तो बंद करते," त्या म्हणाल्या.

माझा आवाज गेला. गाणं एकदम मोकळं झालं. हे मला त्या क्षणी आवडलं नाही, पण झालं खरं.

"आता गिटार काढते. बेस काढते. हा राहिला फक्त ड्रमवरचा माइक."

खोलीत प्रतापचे ड्रम उरले, चौगुल्यांनी दाबलेले, धापा टाकणारे. आणि प्रत्येक ठोक्याच्या मागून, ठोका उतरला की, माणसाचा आवाज वर येत होता. घोगरा, थोडा बेसूर, पण अजिबात न लाजणारा. आपलं कुणी ऐकतंय हे माहीत नसलेल्या माणसाचा.

"दाबलं की असंच होतं," बाई हळूच म्हणाल्या. "मोठा आवाज खाली बसतो आणि त्याच्या आडोशाला असलेलं सगळं वर येतं. तुमचा ड्रमर वाजवताना गातो. त्याला हे माहीतही नसेल."

प्रताप गात होता:

आत्तीच्या त्या कट्ट्यावरी
चप्पल राहिली एक ना
तू निघालास, तू न सांगता
सुनं झालं आंगण ना

माझ्या आवाजातले ते दोन थर, तो परदेशी एको, नवऱ्या मुलाला समजावून सांगितलेलं माझ्या गळ्याचं ते रहस्य, सगळं त्या एका माइकात बसलेलं होतं आणि ते म्हणजे प्रताप इंगवले होता.

पहिल्यांदा मला राग आला. माझ्या उन्हाळाभराच्या कवितेचं त्यानं हे काय करून ठेवलं होतं. मग बाईंनी टेप मागं नेऊन पुन्हा लावली. आंगणापाशी आल्यावर मला राग आठवेना. दोन वर्षं माझे शब्द कुणाच्याही कानांवर पडले नव्हते. कर्ण्यातून जे काही फुटकं-तुटकं त्याच्यापर्यंत गेलं, त्यातून त्यानं हे ऐकलं होतं. माझ्या मूळ गाण्यापेक्षा ते चांगलं होतं. थोडंथोडकं नव्हे, आमच्यात तुलनाच नव्हती.

"बोलून या त्याच्याशी," बाई म्हणाल्या.

प्रताप खाली जिन्याच्या पायरीवर बसला होता. सॅमसन वडापाव शोधायला गेला होता. मी शेजारी बसलो. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं, त्यामुळं गप्प बसलो, आणि माझ्या हातून त्या दिवशी झालेली ती पहिली शहाणपणाची गोष्ट.

"मी कधी बोललो न्हाई तुला," प्रतापच म्हणाला. "पण तू ते गाणं दौलतदादावर लिहिलंस, तवा मला लई बरं वाटलं होतं. घरात त्याचं नाव काढत न्हाईत. आबांच्या पुढं तर न्हाईच. आणि तू सरळ गाणं लिहिलंस. मला वाटलं, सॅमसननं सांगितलं असंल तुला. तू विषय काढला न्हाईस, म्हणून मीबी काढला न्हाई."

दौलत हा प्रतापचा मोठा भाऊ. तो पुण्याला कंपनीत असतो एवढंच मला माहीत होतं. घरचे सगळ्यांना तेवढंच सांगत.

"पुण्याला असतो ना तो?" मी म्हणालो, आणि लगेच जीभ चावली.

पण प्रतापला ते मी त्याची लाज राखतोय असं वाटलं. "आता माझ्यापुढं कशाला," तो म्हणाला. "दुकानावरनं आबांशी वाजलं. मग आत्तीकडं गडहिंग्लजला जाऊन राहिला. तिथनं एक दिवस पहाटे उठून गेला तो गेलाच. अंधारात पायात एक आपली घातली आणि एक मामांची, आत्तीच्या मालकांची. त्याची एक कट्ट्यावर राहिली. आत्ती तशीच घेऊन आली आमच्याकडं. आई म्हणाली, असला कसला जोड घालून गेलं पोरगं. लोक हसतील त्याला. ती तेवढंच म्हणाली बघ."

त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला.

"ते गाणं वाजवताना मी त्याच्याशी बोलल्यासारखं करतो. आणि आज तू निराकार म्हणायलास. म्हटलं, मुंबईला आल्यावर ह्याला लाज वाटली काय आमच्या भावाची."

आता खरं सांगायची वेळ होती. मी शून्यावर लिहिलं होतं. मला शून्याबद्दल काही माहीत नव्हतं. त्याच्या भावाबद्दल तर त्याहूनही नव्हतं. 'अस्तित्वाच्या काठावरी' हे माझं होतं आणि कलावंतानं आपल्या शब्दांपाशी ठाम राहावं असं एका मासिकात छापून आलेलं होतं.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "मुंबईला येताना वाटलं, जरा जड शब्द टाकू या, शहरातली माणसं आहेत. पहिलेच ठेवू."

"जड कशाला पाहिजेत," प्रताप म्हणाला. "होतं ते बरं होतं की."

"ते बरंच होतं," मी म्हणालो, आणि हे मात्र मी मनापासून म्हणालो.

आता अडचण अशी की माझंच गाणं मला येत नव्हतं. प्रताप आणि सॅमसन वडापाव खात होते तोवर मी आत जाऊन ड्रमच्या माइकवरून ते उतरवून घेतलं. बाई टेप मागंपुढं करत होत्या, मी लिहीत होतो. आपल्या नावावरची कविता दुसऱ्याच्या ढोलाआडून चोरून लिहून घेणारा मराठीतला मीच पहिला असेन. दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळं मिळालं. 'अंतराळी येते कानी' याचं त्यानं 'अंधारातही ये ना घरी' केलेलं होतं. पण त्यापुढची ओळ सुरू होते तिथं प्रताप सिंबलच्या झांजेवर असा काही तुटून पडतो की कितीही वेळा लावली तरी तिथं नुसता पत्रा ऐकू यायचा. माझी ओळ 'आदिमाची गाज ना' अशी होती. हे त्यानं ऐकलेलं नसणार, एवढं नक्की.

"विचारा त्यांना," बाई म्हणाल्या.

"माझी ओळ मी त्याला कशी विचारू?"

मग मी प्रतापला बोलावलं. चेहरा शक्य तितका गंभीर केला. "शेवटच्या ओळीला तू सिंबल कुठं मारतोस ते मला धरता येत नाहीये. शब्द म्हणून दाखव आणि कुठं मारतोस ते हातानं दाखव."

"गिटारवाल्याला आता कळायला लागलं होय," असं म्हणत प्रतापनं खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरला. "आई जागी," तो म्हणाला, आणि तिथं हात उचलून खाली आणला, "आज ना."

आई जागी आज ना.

बाईंनी डोक्यावरचा चष्मा उगीचच काढून पुसला. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आता त्या काचा राहू देत. त्या मोठ्या हॉलमध्ये चला तिघं."

शेजारी एक मोठा हॉल होता. सिनेमाच्या गाण्यांना व्हायोलिनवाले रांगेनं बसतात तसला. बाईंनी तिथं ड्रम मांडून घेतले. हेडफोन नाही, टिकटिक नाही. आम्ही एकमेकांकडं तोंड करून, तालमीत उभे राहतो तसे. प्रतापच्या डोक्यावर त्यांनी उंचावरून एक माइक सोडला.

"एवढे माइक असून एकच?" प्रतापनं विचारलं.

"तुमच्या चौगुल्यांची पद्धत बघतेय," बाई म्हणाल्या. तो गातो हे त्याला सांगायचं नाही असं आमचं दोघांचं ठरलं होतं. सांगितलं असतं तर त्यानं तोंड घट्ट मिटलं असतं.

मी त्या दिवशी कसा गायलो मला सांगता येणार नाही, कारण मी पहिल्यांदाच स्वतःचं ऐकत नव्हतो. मी प्रतापच्या तोंडाकडं बघत होतो. शब्द चुकू नयेत म्हणून. तो मान खाली घालून वाजवत होता आणि ओठ हलत होते. 'तू निघालास'ला त्याचा डावा हात किंचित उशिरा पडला. टिकटिक चालू असती तर ते चुकलं असतं. शेवटी सिंबलचा आवाज हॉलभर पसरून विरेपर्यंत कुणी हललं नाही.

"झालं," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या बँडला मी कळवते."

कॅसेटच्या आतल्या कागदासाठी गीतकाराचं नाव विचारलं तेव्हा मी प्रतापचं सांगितलं. प्रतापनं ते खोडायला लावलं. "गाणं तुझं. आमच्या घरातलं असलं म्हणून काय मी लिहिलं होय?" यावर खरं उत्तर दिलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. म्हणून 'गीत: हेरंब गुणे' असं माझंच नाव छापून आलं. पुढं एका दिवाळी अंकात कुणीतरी त्या चार ओळींची फार स्तुती केली, आणि या कवीनं पुढं काही लिहिलं नाही याबद्दल हळहळ व्यक्त केली. मी लिहिलं होतं. त्यांना पाठवलंही होतं. त्यांनी ते साभार परत केलं.

'प्रलय' पुढं फार टिकला नाही. सॅमसन बंगळूरला गेला, प्रतापनं दुकान मोठं केलं, मी शाळांना प्रयोगशाळांचं सामान पुरवू लागलो आणि केस कापले. दौलत पुष्कळ वर्षांनी परत आला. हुबळीला होता म्हणे. बायको, एक मुलगी घेऊन आला. गाणं त्यानं ऐकलेलं नव्हतं. ऐकवल्यावर म्हणाला, ड्रम जरा मोठा आहे.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं, कॅसेट हातात आली त्या आठवड्यातलं. प्रताप दुकानात होता. मी त्याच्या घरी कॅसेट द्यायला गेलो तर त्याची आई एकटीच होती, शेंगा फोडत बसलेली. "लाव की," ती म्हणाली. घरात मोठा टेप होता, दोन बाजूंना दोन स्पीकर असलेला. मी गाणं लावलं आणि पायांकडं बघत उभा राहिलो.

तिनं शेंगा फोडणं थांबवलं. गाणं संपल्यावर म्हणाली, "पुन्यांदा लाव." मी पुन्हा लावलं.

"ह्यो मोठ्यानं गातोय तो कोण?" मधेच तिनं विचारलं.

"मी, काकू."

"आणि मागनं म्हणतोय तो आमचा प्रताप नव्हं?"

"हो. त्याला माहीत नाही. माइकमध्ये आलाय तो."

"घरात कधी बोलत न्हाई थोरल्याबद्दल. एक शब्द न्हाई," ती म्हणाली. तिनं डोळ्यांना पदर लावला नाही की काही नाही. नुसतं स्पीकरकडं बघत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "तू जरा हळू गाशील काय? त्याचं ऐकू येईना."

कॅसेटमध्ये ते कसं होणार, हे तिला समजावून सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात लक्षात आलं, शलाकाबाईंनी गाणं जुळवताना माझा आवाज एका बाजूच्या स्पीकरला जास्त ठेवला होता आणि ड्रमचा माइक दुसऱ्या. टेपवर डाव्या-उजव्या स्पीकरचं एक बटण होतं. मी ते प्रतापच्या बाजूला अगदी शेवटपर्यंत फिरवलं. मी जवळजवळ नाहीसा झालो.

"हां," ती म्हणाली, आणि मला बसायला पाट सरकवला.